झिंगेवाले मामाजी

आमगावहून सालेकसाकडे जाताना रस्त्याला लागून एक गाव आहे. नाव सांगणार नाही, कारण तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि माझी पेन्शन अजून त्याच जिल्ह्यातून निघते. त्या गावात कोणालाही विचारा, तलाव कोणी फोडला? शेंबडं पोरगंही सांगेल, झिंगेवाल्यानं. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, ज्या माणसाच्या आज्यानं तो तलाव बांधला, जो माणूस जन्मभर त्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चप्पल घालून चालला नाही, त्याच्या माथी तलाव फोडल्याचं खापर? साफ खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे मला जितकं माहीत आहे तितकं दुसऱ्या कोणालाच नाही.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. मी त्या गावच्या शाळेत गुरुजी होतो. मूळचा वर्धेकडचा, बायकोमुलं तिकडेच, म्हणून एकट्यापुरती खोली हवी होती. खोली देणारं घर गावात एकच, ते यांचं. सगळे मामाजी म्हणत, मीही म्हणू लागलो. साठीच्या आसपासचं वय, अंगात बंडी, कमरेला पंचा. चप्पल फक्त गोंदियाला जाताना घालत आणि तीही गाडीत बसल्यावर काढून मांडीखाली ठेवत. खोली दाखवताना त्यांनी मला भाड्याचं काही विचारलं नाही. सकाळी बूट घालण्याआधी झटकता का, एवढंच विचारलं. मला वाटलं, इकडे विंचू फार असतील.

दुसऱ्या आठवड्यात कळलं. बुटात पाय घातला आणि आतून कोणीतरी माझा अंगठा असा धरला की मी एका पायावर नाचत अंगणात आलो. मामाजी धावत आले. माझ्या पायाकडे ढुंकूनही न बघता त्यांनी बूट उपडा केला, आतला लाल झिंगा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, नांगी शाबूत आहे. माझा अंगठा आठ दिवस सुजला होता. त्याची विचारपूस मामीनं केली, यांनी नाही.

तर हे झिंगे. आपल्या तलावात मिळतात ते पांढुरके झिंगे नव्हेत. चांगले वीतभर लांब, टणक कवचाचे, रंग लालभडक आणि पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या. जात परदेशी. कलकत्त्याचे व्यापारी हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांसाठी ते वाढवत आणि विकत. कोणी त्याला क्रेफिश म्हणे, गोंदियाचे दुकानदार सरळ लॉबस्टर म्हणत. लॉबस्टर म्हटलेलं मामाजींना खपत नसे. लॉबस्टर समुद्रातला, हा गोड्या पाण्यातला, एवढं समजत नाही तर पाळता कायले, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावत. मग ते गिऱ्हाईक गेलं की मामी आतून यांना सुनावायची.

मामाजी तरुणपणापासून गोंदियाच्या स्टेशनावर पार्सल उतरवायच्या कामाला होते. हावड्याकडून येणाऱ्या गाडीत रंगीत माशांचे थर्माकोलचे डबे असत, आत हवा भरून तोंड बांधलेल्या पिशव्या. असाच एक डबा सोडवायला कोणी आलंच नाही. दोन दिवस तो फलाटावर पडून राहिला. मासे मेले, पाणी सडलं, आणि तळाशी दोन झिंगे जिवंत निघाले. बाकीचे हमाल भाजून खायच्या तयारीत होते. मामाजींनी ते ओल्या पंच्यात बांधले आणि घरी आणले. पुढे स्टेशनचं काम सुटलं, झिंगे सुटले नाहीत. मी राहायला गेलो तेव्हा समोरच्या खोलीत भिंतीला लागून चौदा टाक्या होत्या. एका टाकीत एकच झिंगा, कारण दोन ठेवले की एक दुसऱ्याला खातो. लपायला घरावरच्या कवेलूचा तुकडा आणि खायला उकडलेले शिंगाडे.

ते दिवस लोडशेडिंगचे होते. अर्धा अर्धा दिवस वीज नसायची. या घरात इन्व्हर्टर होता, गावात फक्त दोनच घरांत होता, पण त्यावर चालायचं काय? टाक्यांत बुडबुडे सोडणारे पंप. मामी चिमणीच्या उजेडात भाकरी थापायची, मी घामाच्या धारांत वह्या तपासायचो आणि झिंगे मजेत हवा खायचे. एप्रिलच्या उन्हात घरातला एकुलता एक कूलर समोरच्या खोलीत, तोंड टाक्यांकडे. एकदा मी तणतणत गेलो. म्हटलं, मामाजी, मी या घराचं भाडं देतो, ते झिंगे देत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमाले घाम येते. त्याले घाम बी येत नाही." मी पाय आपटत अंगणात खाट टाकली.

विकायची तऱ्हा तर विचारूच नका. दुकानदार गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, हे गिऱ्हाइकाला आरोपीसारखं उभं करत. घर कुठं आहे, घराजवळ बोडी, म्हणजे लहान तळं, आहे का, नाला आहे का, विहिरीला कठडा आहे का, गावाला जाता तेव्हा घर कोण सांभाळतं. उत्तर पटलं नाही तर झिंगा मिळायचा नाही. पटलं तर एकच मिळायचा आणि तोही नर. झिंगा पाठीवर पालथा करून ते गिऱ्हाइकाला पायांच्या मागची खूण दाखवत, हा बघा नर, आणि गिऱ्हाइकाला ती खूण नीट दिसली असं त्याच्या तोंडून वदवून घेत. माद्या दोन टाक्यांत कुलूप लावून ठेवलेल्या असत. जास्तीच्या माद्या कोंबड्यांना जात. आमच्या घरच्या अंड्यांचा बलक शेंदरी निघायचा, त्याचं कारण हे.

एकदा गोंदियाचे एक कापडवाले सेठ गाडी घेऊन दारात आले. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की दुकानात लाल झिंग्यांचा जोडा ठेवला तर बरकत येते. सेठ म्हणाले, चाचा, जोड़ा दे दो, जो दाम बोलोगे दूँगा. मामाजी म्हणाले, जोड़ा नहीं मिलेगा. सेठ हसले, त्यांना वाटलं भाव वाढवून राहिला म्हातारा. मग मामाजींनी विचारलं, घर के पीछे क्या है? सेठ बिचारे खरं बोलले, नाला है. मामाजींनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, तो फिर एक भी नहीं मिलेगा. सेठ लालेलाल होऊन गेले. मामीनं कपाळावर हात मारला आणि खरं सांगतो, मीही मारला. लक्ष्मी दारात आली आणि यानं तिला नाल्याचा पत्ता विचारून हाकलून दिली.

बरं, विकून तरी सोडावं? तेही नाही. महिना-दोन महिन्यांनी न सांगता तपासणीला जात. झिंगा जिवंत असेल तर दाखवा, मेला असेल तर मेलेला दाखवा, नुसतं मेला म्हणून चालायचं नाही. आमगावला दातांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे हे पेशंटांच्या रांगेत तासभर बसले आणि नंबर लागल्यावर आत जाऊन, दात दाखवायचं सोडून, विचारलं, झिंगा कसा आहे. पुढे एकदा तेच डॉक्टर कागदात मेलेला झिंगा गुंडाळून भांडायला आले. मामाजींनी कागद उघडला, तर आत नुसतं पोकळ कवच. हा प्राणी वाढताना अंगावरचं जुनं कवच सगळंच्या सगळं सोडून देतो, मिशांसकट. मामाजी म्हणाले, डॉक्टरसाहेब, तुम्ही सदरा घेऊन आलात, माणूस घरीच आहे. डॉक्टर घरी गेले तर झिंगा कवेलूखाली बसलेला, नवाकोरा. डॉक्टरांनी नंतर ही गोष्ट हौसेनं सांगितली, पण मामाजी त्या दिवशी चिडलेलेच होते. पाळणाऱ्याला आपल्या जनावराचा जीव गेला की नाही हेही कळू नये, याचा त्यांना संताप यायचा.

मला या सगळ्या नियमांची चीड यायची. मी एकदा स्पष्ट विचारलं, हे एवढं सोवळं कशासाठी? तेव्हा ते मला तलावावर घेऊन गेले.

त्यांचं घर कोहळ्यांचं, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या जातीचं. गाव जवळजवळ सगळं पोवारांचं, त्यात हे एकच घर. आज्याला कुण्या जुन्या मालगुजारानं नवेगावकडून मुद्दाम आणलं होतं, तलाव बांधायला. तलाव बांधून झाला आणि आजा इथंच राहिला. तेव्हापासून या घरात एक रीत होती. पावसाळ्यात तलाव भरू लागला की घरातल्या कर्त्या पुरुषानं रोज सकाळी अनवाणी पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. पाळ कुठं घामली आहे, कुठं मऊ पडली आहे, ते डोळ्यांना दिसण्याआधी तळव्यांना कळतं, असं मामाजी म्हणत. सरपंच कोणीही असो, पाळीबद्दल गावात यांचा शब्द शेवटचा. मामाजी म्हणाले, अमुक ठिकाणी माती टाका, की दुसऱ्या दिवशी घमेली घेऊन माणसं हजर. दुसऱ्या कोणत्याही बाबतीत गाव त्यांना अर्धवट समजायचं, पण पाळीच्या बाबतीत नाही.

हा झिंगा बिळं करतो, ते मला म्हणाले. ओल्या मातीत हात हात खोल. नर-मादी तलावात गेले तर चार-पाच वर्षांत पाळीची चाळणी होईल. मी म्हटलं, आपले खेकडेही करतात की बिळं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आपल्या खेकड्याला खाणारे आपल्या तलावात आहेत, याला इथं कोण ओळखतं? मग हा धंदा बंदच करा ना, मी म्हटलं. त्यांनी पाळीवरचं एक ढेकूळ पायानं दाबून बसवलं. मग म्हणाले, मी बंद केला तर गोंदियाचे दुकानदार जोड्यानं विकतील आणि विकल्यावर कोणाच्या घरी बघायलाही जाणार नाहीत. मला तेव्हा ही पळवाट वाटली होती.

आता माझ्याकडे येतो.

शाळेत विज्ञानाचा कोपरा करायचा असं मी ठरवलं होतं. मुलांना जिवंत प्राणी बघायला मिळावा म्हणून एक झिंगा मागितला. मामाजी नाही म्हणाले. शाळा तलावाच्या खालीच आहे, नाही म्हणजे नाही. मला असा राग आला की विचारू नका. डॉक्टरला देता, दुकानदाराला देता, गावच्या पोरांना नाही? मी त्यांना मतलबी म्हणालो, पोरांच्या शिक्षणाचा वैरी म्हणालो. दोन महिने रोज टोचत राहिलो. अखेर एका सकाळी ते स्वतः टाकी डोक्यावर घेऊन शाळेत आले. झिंगा नर होता. उजवी नांगी पूर्वी कधी तुटून परत आलेली, म्हणून डावीपेक्षा बरीच लहान. पोरं खूश झाली. मामाजींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, सुट्ट्या लागल्या का याले घरी आणून द्या. मी नसलो तं मामीपाशी द्या." मी हो म्हटलं. असं कुत्सितपणे हो म्हटलं की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये बसथांब्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता झाला. मुरूम लागतो रस्त्याला. ठेकेदार सरपंचाच्या घरचाच माणूस. मुरूम दुरून आणायचा म्हणजे डिझेल जळतं, म्हणून त्यानं तलावाच्या पाळीचंच उत्तरेकडचं टोक बाहेरच्या अंगानं कोरायला सुरुवात केली. मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून ट्रॅक्टर जाताना बघायचो. दिवसाला वीस-वीस ट्रॉल्या. मामाजी ट्रॅक्टरसमोर आडवे उभे राहिले. सरपंच हसून म्हणाला, मामाजी, आतलं अंग शाबूत आहे ना, पाणी तर आतून असते. आणि रस्ता काय माझ्या बापाचा आहे? गावाचाच आहे. लोकांना रस्ता हवा होता, मलाही हवा होता. पावसाळ्यात माझे बूट घोट्यापर्यंत चिखलात जायचे. मी मामाजींना म्हटलं, जाऊ द्या, दरवर्षी माती टाकतोच ना आपण. पाळीबद्दलचा त्यांचा शब्द गावानं ऐकला नाही अशी ती पहिलीच वेळ.

एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली. मला त्याच दुपारी गाडी धरायची होती, धाकटी आजारी होती. टाकी घरी पोचवायची राहिली. मामाजी त्या दिवशी गोंदियाला, मामी रानात मोहफुलं वेचायला गेलेली. मला कोण आठवण करून देणार? उन्हात ती जड टाकी उचलून कोण नेणार? शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई होती. ती म्हणाली, गुरुजी, दोन महिने शाळा बंद, हा उपाशी मरल, पाप लागल. मी म्हटलं, मग सोडून दे तलावात, पाण्यातला जीव पाण्यात जाईल. तिनं त्याला पदराखाली धरून नेलं, पाण्यात सोडलं आणि वर हात जोडले. मी बस पकडली. मी काय मोठा गुन्हा केला, असं मला तेव्हा खरंच वाटलं नाही. एक झिंगा, तोही नर.

जूनमध्ये परत आलो तेव्हा मामाजींनी पहिला प्रश्न त्याचाच केला. मी सांगितलं, मेला. कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुरला. कुठं पुरला ते त्यांनी विचारलं नाही. टाकी धुऊन उन्हात ठेवली.

त्या वर्षी पावसानं जुलैतच तलाव भरला. मामाजी रोज पाळीवर. एक दिवस ओल्या पायांनी ते थेट माझ्या खोलीत आले आणि खाली बसले. दक्षिणेकडे, नहराच्या म्हणजे कालव्याच्या गेटाजवळ, पाण्याच्या काठाला एक बीळ सापडलं होतं. तोंडाशी चिखलाचा ढीग आणि ढिगात लाल कवचाचे तुकडे. म्हणाले, गुरुजी, कागद काढा, पाटबंधारे खात्याला अर्ज लिहा. गावात सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. त्यांनी सांगितलं ते असं: माझ्या घरच्या लाल झिंग्याचं बीळ पाळीत निघालं आहे, साहेबांनी येऊन बघावं. आणि उत्तरेकडचं टोक मुरमासाठी कोरलं आहे, तिथं पाळ घामून राहिली आहे, ते आधी बघावं.

माझा पेन पहिल्या वाक्यानंतर थांबला. सरपंच शाळा समितीचा अध्यक्ष होता. माझ्या बदलीच्या कागदावर त्याचं मत जायचं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, मामाजी, सरकारी कामात एका अर्जात एकच विषय असतो. दोन विषय घातले की फाईल कुठं लावायची ते बाबूला कळत नाही, अर्ज तसाच पडून राहतो. आधी बिळाचा पाठवू, मुरमाचा वेगळा लिहू. ते शाळा चौथीपर्यंत शिकलेले. गुरुजी सांगतो म्हणजे असेलच. मान डोलावली, खाली सही केली. बीळ कोणामुळे झालं तेही मला ठाऊक होतं आणि तरी मी माझ्या हातानं, वळणदार अक्षरात, माझ्या घरच्या लाल झिंग्याचं असं लिहिलं. दुसरा अर्ज लिहा म्हणून ते तीनदा आले. एकदा मला परीक्षेचं काम होतं, एकदा डोकं दुखत होतं, आणि तिसऱ्यांदा काय होतं ते आता आठवतही नाही.

पोळ्याच्या आधी चार दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी पाळ फुटली. कुठं फुटली? उत्तरेला. जिथून मुरूम नेला तिथं, बरोब्बर तिथं. झिंग्याचं बीळ दक्षिणेला. मधे अर्धा किलोमीटर धडधाकट पाळ उभी. आंधळ्यालाही दिसलं असतं. नशीब, माणूस-जनावर कोणी गेलं नाही, पण खालच्या सगळ्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या शेतांत, नुकताच रोवलेला धान वाळूखाली गेला आणि वरच्यांना पुढं पाणी राहिलं नाही.

रिकाम्या तलावाच्या चिखलात मामाजी आठ दिवस गुडघ्याएवढे रुतून शोधत होते. लोकांना वाटलं, मासे धरत आहेत, लाज नाही म्हाताऱ्याला.

मग चौकशीला पाटबंधारे खात्याचे साहेब आले. सभा शाळेच्या व्हरांड्यात. मामाजी एक झाकणाचा डबा घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि उघडला. सगळा तलाव चाळला, एकच निघाला, नर आहे, एकट्याला पिल्लं होत नाहीत, तलावात दुसरा नाही, एवढं त्यांनी सांगितलं. त्यांना गावाची भीती घालवायची होती. मी वाकून बघितलं. उजवी नांगी डावीपेक्षा लहान. मान वर केली तर मामाजी माझ्याचकडे बघत होते.

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, लिहा, सदर प्राणी हजर केला. मग फाईलमधून अर्ज काढला आणि मोठ्यानं वाचला. पाळ फुटण्याच्या महिनाभर आधी या गृहस्थानं स्वतः लिहून दिलेलं आहे, म्हणाले, आणखी काय पुरावा हवा? सरपंचानं असा दुःखी चेहरा केला की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लोक उठून ओरडू लागले, ज्यांच्या बांध्या वाळूखाली गेल्या त्यांचा तर तोलच गेला. मामाजी ओरडले नाहीत. उभे राहून म्हणाले, "साहेब, मी दुसरं बी लिवाले सांगतलं होतं. मुरमाचं. गुरुजीले पुसा."

सगळा व्हरांडा माझ्याकडे वळला. साहेबांनी विचारलं, काय गुरुजी? आणि मी, ज्यानं पोरांना खरं बोलावं हे फळ्यावर शंभरदा लिहून दिलं, मी म्हणालो, "नक्की आठवत नाही साहेब. अर्ज एकाच विषयाचा होता एवढं खरं." सरपंचानं माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. मामाजी खाली बसले. डब्याचं झाकण लावून घेतलं.

झालं. अहवालात बिळांमुळे पाळ फुटली असं आलं. बीळ एक होतं, अहवालात अनेकवचन झालं. दिवाळीनंतर दुरुस्तीचं काम निघालं आणि ते कोणाला मिळालं असेल? त्याच ठेकेदाराला. नवी माती नीट चोपली नव्हती. मामाजी एकदा पाळीवर गेले आणि सांगायला लागले, तर मजुरांपासून सगळे हसले. झिंगेवाले, तुम्ही घरी बसा. पाळीवरचा शेवटचा शब्द ज्या घराचा, त्या घरच्या माणसाला पाळीवरून हसून घालवलं. त्या दिवसानंतर ते तलावाकडे गेले नाहीत. गोंदिया, आमगाव करून विकलेले सगळे झिंगे घरोघर जाऊन परत मागून आणले. लोकांनी आनंदानं दिले, आता कोणाला नको होते. ते आणि घरचे, सगळे कोंबड्यांना गेले. समोरची खोली रिकामी झाली आणि एप्रिलमध्ये कूलर माझ्या खोलीच्या दारात येऊन बसला. मी कधी मागितला नव्हता. मामीनं सांगितलं, यांनीच लावून दिला.

एप्रिल संपता संपता माझी बदली झाली, चिचगडकडे. सामान टेम्पोत चढवलं. मामाजी दोरी बांधायला आले. पेटीभोवती दोरी घेत होते, मी दुसरं टोक धरलं होतं. टेम्पोवाला पान खायला गेला होता. न राहवून मी म्हणालो, मामाजी, शाळेतला झिंगा मेला नव्हता. मीच सोडायला लावला.

"मालूम हाये," ते म्हणाले आणि दोरी ओढली.

मला चीड आली, खरोखर चीड आली. म्हटलं, मालूम होतं तर सभेत का नाही सांगितलं? डबा टेबलावर होता, मी समोर होतो. माझं नाव घेतलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, भांडलो असतो, काहीतरी झालं असतं. सगळं स्वतःवर कशाला घेतलं?

त्यांनी गाठ मारली, हलवून बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी सांगसान म्हून थांबलो होतो, गुरुजी."

सभेपासून त्या दिवसापर्यंत आठ महिने झाले होते. ते आठ महिने मी त्यांच्या घरात, एका भिंतीपलीकडे राहत होतो.